मोठ्यांसमोर ओढायची नाही

उमाजीराव जगताप यांना मतंच नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. मतं त्यांच्याकडे भरपूर होती; फक्त ती सगळी दुसऱ्यांची होती, आणि त्यांनी ती जपून वापरली होती. कॉफीत चिकोरी किती असावी हे त्यांच्या वडलांचं मत होतं, हॉटेलच्या भिंतीला कुठला रंग द्यावा हे रंगाऱ्याचं, आणि देशाचं पुढे काय होणार हे सकाळच्या पहिल्या कॉफीला जो कोणी समोर बसेल त्याचं. बंगळूरच्या शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं टिफिन रूम होतं. घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे उतरलं असं घरात सांगत. आले तेव्हा घोड्यावर बसून आले की घोड्यांच्या मागून चालत, याबद्दल घरात दोन पक्ष होते. उमाजीरावांना दोन्ही पक्ष पटत.

मुलगी पाहायला ते होसकोट्याला गेले होते, तेव्हाची गोष्ट सगळ्या नात्यात ठाऊक होती. स्थळ त्यांच्या आत्यांनी, अंबुबाईंनी सुचवलेलं. पोहे झाले, पानसुपारी झाली, आणि मुलीच्या मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगी पसंत आहे का. उमाजीराव क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "आईला विचारा." आईला विचारलं, आई हो म्हणाली, लग्न झालं. पण मुलगी दाराआड उभी होती, आणि तिनं ऐकलं होतं. पुढे संसारात भाजीपासून भाचीच्या बारशापर्यंत काहीही ठरवायचं असलं की शिवलीला शांतपणे म्हणायची, "मला कशाला विचारता? मी तुमच्या आईची पसंत." सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, वाक्य टिकून होतं.

टिफिन रूम लांबट आणि अरुंद होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. दाराशी एक बाक, मग गल्ला, मग संगमरवरी टेबलं, आणि अगदी मागे, प्लायवुडच्या आडोशाजवळ, कॉफीचा ओटा. तिथे शिवलीला उभी असायची. डिकॉक्शन तिच्या हातचं, आणि ऑर्डरी तिच्या तोंडच्या. पोरं टेबलावरून येऊन तिला सांगत आणि ती ते सगळं स्वयंपाकघराकडे एका दमात पाठवी: दोन इडली एक मसाला एका वड्याला सांबार वेगळं एक उपीट स्वल्प गरम. मध्ये स्वल्पविराम नसायचा. जुनी गिऱ्हाइकं सांगत की उपीट साधारणच असतं, ते मागवताना ऐकायला बरं वाटतं.

दाराजवळचा बाक फत्तेसिंगकाकांचा होता.

फत्तेसिंगकाका म्हणजे उमाजीरावांचे चुलते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. सकाळी सातच्या सुमारास ते येत, बाकावर बसत, पहिली कॉफी त्यांच्याकडे जाई, आणि ते विडी पेटवत. गल्लीतल्या मराठ्यांत त्यांच्याहून वयानं मोठं कुणी उरलेलं नव्हतं, आणि मोठ्यांसमोर ओढायची नाही हा नियम या मंडळींत कुठल्याही कायद्याहून जुना. साठीचे पुतणे दारात त्यांना पाहताच सिगारेट चपलेखाली चिरडून आत येत. चाळिशीचे तर गल्लीच्या तोंडाशीच चिरडत. आजोबा झालेला एक साडूचा भाऊ एकदा पेटती सिगारेट खिशात घालून काकांच्या पाया पडला होता. शर्ट गेला, पण वळण राहिलं.

त्यामुळे काका बसलेले असेपर्यंत टिफिन रूममध्ये काकांखेरीज कुणीही ओढत नसे. काकांना याचा रास्त अभिमान होता. "मी इथं आहे म्हणून," ते आल्यागेल्याला सांगत, धूर सोडत, "कुणाची टाप नाही या हॉटेलात काडी लावायची."

त्यांच्या डोक्यावरच 'धूम्रपान निषिद्ध' अशी कन्नड आणि इंग्रजीतली पाटी होती. ती त्यांनी स्वतः, स्टुलावर चढून, ठोकून दिली होती. काडी ते पाटीखालच्या भिंतीवरच ओढत. कायदा तसा जुना होता, दंड मात्र अलीकडे वाढला होता, म्हणून मध्ये एकदा तपासणीचं पथकही येऊन गेलं. पथकातल्या एका शिपायानं काकांना ओळखलं, हवालदारसाहेब म्हणून वाकून नमस्कार केला, साहेबाला बाजूला घेऊन काही सांगितलं. साहेबांनी पाटी पाहिली, कॉफी घेतली, आणि गल्लीत इतकी शिस्त आपण दुसरीकडे पाहिली नाही असं सांगून ते गल्लीतल्या गिरीराजच्या बारमध्ये दंड करायला गेले.

काका आले की शिवलीला पदर पुढे ओढून नाकातोंडावर घेई. "सुनेला वळण आहे," काका उमाजीरावांना म्हणत. "आजकाल सासऱ्यासमोर पदर घेतं कोण?" उमाजीरावांनाही ते पटे. पदर वळणाचाच असेल, असं त्यांनी कित्येक वर्षं धरलं होतं.

मग ऑर्डरींत स्वल्पविराम पडू लागले. आधी एक. दोन इडली एक मसाला, मग थांबून, एका वड्याला सांबार वेगळं. पुढे दोन झाले. खोकला आला, खोकल्याचं औषध आलं, आल्याचा रस, मध, ज्येष्ठमध. शेवटी कंटोन्मेंटच्या बाजूच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. त्यांनी शिवलीलाला नळीत फुंकायला लावलं, मशीनकडे पाहिलं, आणि ओढतं कोण असं उमाजीरावांना विचारलं.

उमाजीरावांनी आपण ओढत नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं. घरात कोण? घरात कुणीच नाही. हॉटेलात? हॉटेलात तर प्रश्नच नाही, उमाजीराव म्हणाले, तिथे आमचे काका बसतात.

"आणि ते ओढत नाहीत?"

"ते ओढतात," उमाजीराव म्हणाले. "पण ते मोठे आहेत."

डॉक्टरीणबाई कन्नड होत्या, तरी त्यांना समजायला अडचण आली ती भाषेची नव्हती. हवा कुठून कुठे जाते एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा उमाजीरावांनी अभिमानानं सांगितलं की कॉफीच्या ओट्यावर, शिवलीलाच्या डोक्याच्या वर, त्यांनी चांगला मोठा पंखा बसवलाय, दारापासूनची सगळी हवा तो आत ओढून मागे बाहेर टाकतो. हे सांगता सांगता वाक्याच्या मध्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की फुप्फुसं गेली तेवढी परत येत नाहीत, पण उरलेली राखायची असतील तर या बाईला धुरापासून लांब ठेवा, औषध त्याच्यानंतर. पंप लिहून दिला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

म्हणजे करायचं इतकंच होतं की काकांना सांगायचं, काका, इथं ओढू नका.

उमाजीरावांनी सुरुवात लांबून केली. काकांना ते म्हणाले की सरकार हल्ली फार कडक झालंय. काकांनी लगेच कॉफी खाली ठेवली. व्हायलाच पाहिजे, ते म्हणाले, आणि इथं ओढतो कोण त्याचं फक्त नाव सांग. उमाजीराव म्हणाले, तसं कुणी नाही. मग झालं तर, काका म्हणाले आणि त्यांनी काडी ओढली. दुसऱ्या दिवशी उमाजीरावांनी पाटी बदलून आणखी मोठी लावली. काकांनी ती सरळ लागली आहे की नाही हे उभं राहून पाहून दिलं.

याच सुमारास सिद्धी आली. ही मूळची पुण्याची, चारेक वर्षांपासून बंगळूरात, आधी आयटीत होती आणि आता एका संस्थेसाठी दुसऱ्यांच्या धुराबद्दल लोकांचं आणि दुकानदारांचं मत गोळा करत फिरत होती. शिवाजीनगरात मराठी बोलणारं हॉटेल सापडल्याचा तिला इतका आनंद झाला की तिनं आल्या आल्या दोन कॉफ्या घेतल्या. उमाजीराव गल्लीच्या व्यापारी संघाचे सेक्रेटरी. या पदासाठी कुणाशीही वाद नसलेला माणूस हवा होता, आणि त्यांच्याइतका बिनवादाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तेच तिला घेऊन गल्लीभर हिंडले.

बंदीला सगळ्यांचा पाठिंबा होता. साडीवाल्याचं म्हणणं, बंदी पाहिजेच, आधी बसस्टँडवर करा. बसस्टँडजवळचा फळवाला म्हणाला, आधी बारमध्ये करा. बारवाल्या गिरीराजनं आधी बसचा धूर बंद करा म्हणून सांगितलं. सिगारेट बंद झाली तर गिऱ्हाईक घरी बसून पिईल, आणि घरी बसून पिणारा माणूस कुटुंबाला त्रास देतो, तेव्हा आपण एका अर्थी समाजाचंच काम करतोय. त्यानं ओढणाऱ्यांसाठी एक काचेची खोलीही केली होती. बाहेरून ती माशांच्या पेटीसारखी दिसे. सगळ्या बारमधला एकमेव चालणारा एसी तिथेच असल्यानं न ओढणारेही उन्हाळ्यात आत जाऊन उभे राहत. सगळ्यात ठाम मत निघालं ते ओढणाऱ्यांचं. त्यांच्यातल्या बहुतेकांना बंदी ताबडतोब आणि कडक हवी होती. एकानं तर सिद्धीचा हात धरून सांगितलं की मॅडम, कराच तुम्ही, तेवढीच माझी सुटेल.

फत्तेसिंगकाकांनी आपलं मत बाकावरूनच दिलं. कायद्यानं काही होत नाही, त्यांनी विडीचं थोटूक हलवत सांगितलं, मोठ्या माणसाचा धाक लागतो. सिद्धीनं ते जसंच्या तसं टिपून घेतलं. मग तिनं टॅब्लेट उमाजीरावांकडे वळवला.

"काका, आता तुमचं ओपिनियन."

"संघाचं मत असं आहे, की बंदीला पूर्ण पाठिंबा, फक्त अंमलबजावणीला विरोध."

"संघाचं आलं ना त्यात. तुमचं स्वतःचं सांगा. हॉटेलात कुणी ओढलेलं तुम्हाला चालतं?"

उमाजीरावांनी ओट्याकडे पाहिलं. शिवलीला कॉफी ओतता ओतता थांबली होती. पेला खाली, भांडं वर, मध्ये तुटलेली धार. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं. काकाही ऐकत होते.

"बाकीच्यांनी काय टाकलंय?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत हो. मी 'कान्ट से' टाकते हं, चालेल ना?"

"तुम्ही म्हणाल तसं," उमाजीराव म्हणाले. ओट्यावर पेला जरा जोरात ठेवल्याचा आवाज झाला. एवढंच. मग खोकला.

त्या आवाजानं उमाजीरावांना झोप येईना असं झालं. पण माणसाचा स्वभाव असा की त्याला पूल ओलांडायचा असला तर तो आधी नदी लांबून कुठे वळते ते पाहून येतो. ते विचार करत राहिले आणि त्यांना जे सुचलं ते त्यांच्या घराण्यातल्या माणसालाच सुचलं असतं. काकांना पुतण्या सांगू शकत नाही, कारण नियम वरून खाली येतो, खालून वर जात नाही. तेव्हा काकांच्या वर कोणीतरी हवं. गल्लीत असं कुणी नव्हतं, पण होसकोट्याला होतं. काकांच्या थोरल्या बहीण, अंबुबाई.

अंबुबाईंना सगळे अक्का म्हणत. पंच्याऐंशी पार, दात नाहीत, डोळे दोन्ही चांगले, तपकिरीची डबी कमरेला. तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच गेलं होतं. समोर गोठा असो की देवघर, त्यांना सारखंच. उमाजीराव त्यांना हवापालटासाठी घेऊन आले. होसकोट्याच्या कारखान्यांच्या धुळीतून शिवाजीनगरच्या बसच्या धुरात हवापालटाला येणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच असतील. घरात बसून करू काय, रस्ता दिसेल अशी जागा दे, त्या म्हणाल्या. रस्ता दिसेल अशी जागा एकच होती. उमाजीरावांनी बाकावर उशी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फत्तेसिंगकाका नेहमीप्रमाणे पेटती विडी घेऊन दारातून आत आले आणि जागच्या जागी थिजले. हात आपोआप पाठीमागे गेला. मिशा खाली आल्या. पाऊणशे वर्षांचा तो हवालदार बघता बघता चौथीतला मुलगा झाला. एका हातानं त्यांनी अक्कांच्या पायांना स्पर्श केला.

"फत्या, दुसरा हात पाठीमागं कशाला?"

"पाठ दुखते, अक्का."

"बस की मग," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी उशीवरून स्वल्प सरकून जागा दिली. आपला भाऊ विडी ओढतो हे त्यांना साठ वर्षं ठाऊक होतं. ठाऊक आहे असं कुणी म्हणायचं नाही, इतकाच नियम होता, आणि तो त्या दोघांनी मिळून पाळला होता.

काका बसले. विडी मुठीत विझली, चटका बसला, चेहरा हलला नाही. तासभर अक्कांनी नात्यातल्या मयतांची हकिगत सांगितली आणि काकांनी 'हो अक्का' म्हटलं. त्या तासात टिफिन रूममध्ये दोन पिढ्यांत प्रथमच धूर नव्हता. उमाजीरावांना गल्ल्यावर बसल्या बसल्या गहिवरून आलं. एक शब्द न बोलता, कुणाचंही मन न दुखवता, त्यांनी सरकारला जमलं नाही ते करून दाखवलं होतं. सिद्धीला त्यांनी फोन करून सांगितलं की आमचं हॉटेल धूरमुक्त झालं. तिनं पुढच्या महिन्यात फोटो काढायला येते म्हणून कळवलं.

आता दिसतं ते आणि असतं ते यांत फरक असतो, आणि उमाजीराव गल्ल्यावरून दाराकडे तोंड करून बसत.

नियम होता तो मोठ्यांसमोर न ओढण्याचा. समोर नसताना काय करायचं याबद्दल नियम गप्प होता. मोठ्यांच्या फुप्फुसाची कुणालाच काळजी नव्हती. काळजी होती ती त्यांच्या डोळ्यांची. काका एक दिवस बसले, दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी कॉफीचा पेला स्वतः उचलून, "जरा आत बसतो, अक्का, उन्हाची तिरीप येते," असं म्हणून ते मागे गेले. मागे प्लायवुडचा आडोसा होता. आडोशामागे, ओट्याला लागून, दुधाच्या कॅनची जागा. काकांनी एक कॅन पालथा घातला, त्यावर बसले, आणि अक्कांच्या नजरेआड, पूर्ण अदबीनं, विडी पेटवली. शिवलीला तिथून हातभर लांब होती. पंखा दोघांच्या डोक्यावर.

आधी निदान धूर हॉटेलची लांबी पार करून येई, वाटेत चार गिऱ्हाइकं थोडा थोडा वाटून घेत. आता तो ताजा मिळू लागला. काकांच्या मागोमाग त्यांचे श्रोतेही आत येऊ लागले. काका नोकरीतल्या चोऱ्या चांगल्या सांगत, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी ओढत नव्हतं, कारण काका समोर होते. तसे सगळे नियमातच होते.

शिवलीलानं पदर आणखी पुढे घेतला. "पाहा," काका श्रोत्यांना म्हणत, "एवढ्या कामातसुद्धा."

उमाजीरावांना घरी ती एकदाच म्हणाली की तुमच्या अक्कांना परत पोचवा, बाकावर त्या असण्यापेक्षा काकाच बरे होते. उमाजीरावांना वाटलं, आत्यांचं आणि हिचं काहीतरी बिनसलं. अशा वेळी दोन्ही बाजूंचं पटवून घेण्याची त्यांची सवय होती. त्यांनी दोन्ही बाजूंचं पटवून घेतलं आणि झोपले.

मग सिद्धी फोटो काढायला आली, तो दिवस. शनिवार, गर्दीची वेळ. अक्का बाकावर, डोक्यावर मोठी पाटी. सिद्धीनं फोटो घेतला, अक्कांना काही वाटतं का विचारलं. अक्कांना पेन्शनबद्दल वाटत होतं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. उमाजीराव बाजूला उभे राहून, हे सगळं सहज झालं, असं चेहऱ्यानं सांगत होते. तेवढ्यात मागून ऑर्डर आली.

"दोन इडली एक मसाला..."

आणि थांबली. स्वल्पविराम पडतो तेवढं सगळे थांबले, सवयीनं. टेबलावरच्या माणसांनी पुढचं ऐकायला माना वळवल्या. स्वयंपाकघरातून आचाऱ्यानं, "मुंदे?" म्हणून विचारलं, म्हणजे पुढे काय. पुढे काही आलंच नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

उमाजीराव गल्ला उघडा टाकून मागे गेले. ओट्याला दोन्ही हातांनी धरून शिवलीला वाकली होती. पदर तोंडावर होता आणि आत-बाहेर, आत-बाहेर होत होता, पण त्यातून काही आत जात असेल असं वाटत नव्हतं. एका पोरानं पंप आणून हातात दिला. तिनं तो ओढला, पुन्हा ओढला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते डोळे उमाजीरावांकडे बघत होते, रागानं नव्हे, काही मागतही नव्हते. दाराआडून बघावं तसे.

आडोशामागे काका कॅनवर बसले होते. विडी बोटांत होती, निम्मी.

"मिरचीचा ठसका लागला वाटतं सुनबाईला," ते म्हणाले. "फोडणी जरा..."

"काका, इथं ओढायची नाही."

फत्तेसिंगकाकांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरा कुठला काका आला की काय म्हणून.

"कोण म्हणतं? अक्का?"

"नाही."

"सरकारचं माणूस आलंय का?"

"नाही."

"मग ती पुण्याची पोरगी?"

उमाजीरावांच्या जिभेवर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं; खरंही होतं. काकांनीही ते ऐकलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

"मी म्हणतो," ते म्हणाले.

हा 'मी' कोण हे कळायला काकांना वेळ लागला. त्यांनी पुतण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, नोकरीत असताना अनोळखी माणसाकडे पाहत तसं. मग शिवलीलाकडे पाहिलं, बहुधा प्रथमच. तिचा पदर खाली पडला होता, आणि ती तो सावरत नव्हती. ओठ निळसर दिसत होते.

काकांनी विडी चपलेच्या तळव्यावर विझवली आणि थोटूक खिशात घातलं.

"मग आधी बोलायचंस की," ते म्हणाले. आवाज हवालदाराचा नव्हता. "मला कुणी सांगितलं कधी? ही पदर घ्यायची. मला वाटलं, मान देते."

काका कॅनवरून उठले, कॅन सरळ करून ठेवला, आणि टेबलांच्या मधून सगळ्यांदेखत बाहेर गेले. बाकावरून अक्कांनी विचारलं, "काय रे फत्या, निघालास?" ते म्हणाले, "हो अक्का, उमाजीनं सांगितलं." अक्कांनी डबी उघडून चिमूटभर तपकीर ओढली. "उमाजीनं?" त्या म्हणाल्या. एवढ्या वयात त्यांना नवल वाटावं अशा गोष्टी फार राहिल्या नव्हत्या.

काका दोन दिवस आले नाहीत. उमाजीराव गल्ल्यावर बसून दाराकडे बघत आणि आपण फार मोठं पाप केलं असं वाटून चुकीची मोड देत. तिसऱ्या दिवशी काका आले, बाकावर अक्कांच्या शेजारी बसले, कॉफी घेतली, काही झालंच नव्हतं असं वागले. विडीची तल्लफ आली की ते उठत आणि गल्लीतून चालत गिरीराजच्या काचेच्या खोलीत जात. पलीकडचा फूटपाथ जवळ होता, पण तो अक्कांना बाकावरून दिसे.

काचेच्या खोलीचा त्यांना फार त्रास झाला. आत आयटीतली पोरं असत, गळ्यात पट्टे अडकवलेली, विशीबाविशीची. काका आत आले तरी एकानंही सिगारेट विझवली नाही. एकानं तर "अंकल, लायटर?" म्हणून विचारलं. "मोठ्यांसमोर ओढतात," काका परत येऊन अक्कांना सांगत, आणि ते तिथे कशाला गेले होते हे अक्का विचारत नसत. महिन्याभरात त्यांचं तिथे जाणं निम्म्यावर आलं. कारण विचारलं तर ते फुप्फुसाचं नाव काढत नसत. संगत चांगली नाही, म्हणत.

सिद्धीच्या संस्थेचं एक चोपडं पुढे छापून आलं. त्यात अक्कांचा फोटो होता, पाटीखाली बसलेल्या, आणि खाली लिहिलं होतं की ज्येष्ठ नागरिकांच्या पुढाकारानं एक उपाहारगृह धूरमुक्त झालं. फत्तेसिंगकाकांनी ते पान कापून गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं. आता नवं गिऱ्हाईक पाटीकडे बघायला लागलं की काका त्याला सांगतात, ही बंदी आपण आणली. कायद्यानं काही होत नाही, मोठ्या माणसाचा धाक लागतो. उमाजीराव गल्ल्यावरून मान डोलावतात. त्यांना ते पटतं. व्यापारी संघाच्या सभेतही पुन्हा कुठल्याशा ठरावावर त्यांना मत विचारलं, तेव्हा ते म्हणाले की बाकीचे म्हणतील तसं. एका माणसानं जन्मात किती वेळा मत द्यावं यालाही काही मर्यादा आहे.

शिवलीलाची फुप्फुसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी होती तेवढीच राहिली, पण राहिली. ऑर्डरीत एक स्वल्पविराम कायमचा आला. गिऱ्हाइकांना त्याचीही सवय झाली.

काका दोन दिवस आले नव्हते, त्यांतल्या पहिल्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, ती दोन कॉफ्या घेऊन गल्ल्याशी आली. असं ती सहसा येत नसे. एक त्यांच्यासमोर ठेवली, दुसरी हातात धरून उभी राहिली. पदर खांद्यावरच होता. उमाजीराव मान खाली घालून, काकांचं मन दुखावलं, आता नात्यात काय म्हणतील, आईला काय वाटलं असतं, असं काहीबाही बोलत राहिले. तिनं ते संपू दिलं, कॉफीचा घोट घेतला, श्वास घेतला, आणि सगळं एका दमात म्हणाली, "म्हणजे मुलगी पसंत आहे म्हणायची."

उमाजीरावांनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं, कुणाला विचारावं म्हणून. हॉटेलात त्या वेळी दुसरं कुणीच नव्हतं.